नारळ कोणी दिला?

आपल्याकडे एखाद्याला नोकरीवरून काढलं की त्याला ‘नारळ दिला’ म्हणतात. शब्द सौम्य आहे, पण फसवा नाही. नारळ हातात पडला की निघायचं, हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असतं. अमेरिकेतल्या एचआरच्या भाषेबद्दल माझी तक्रार इथूनच सुरू होते. इथेही नारळ देतात, पण त्याला प्रसाद म्हणतात.

मागच्या वर्षी एका मैत्रिणीचा रात्री उशिरा फोन आला. कंपनीने तिला ‘म्युच्युअल सेपरेशन’चं पत्र पाठवलं होतं, दुसऱ्या दिवशी सही हवी होती. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे. तरीही आपल्याला काढलंय की आपण सोडतोय, हे तिला कळेना. मग आम्ही ते पत्र वाक्यावाक्याने मराठीत आणलं. अट एकच: प्रत्येक वाक्याला कर्ता हवा. ‘तुमची भूमिका संपुष्टात येत आहे’ चालणार नाही. कोण संपवतंय ते सांगा. ‘परस्परसंमतीने’ म्हणजे तिची संमती कधी विचारली? चौथ्या वाक्याला ती थांबली आणि म्हणाली, “अगं, हे माझ्याकडून राजीनामा लिहून घेतायत.”

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. ती एच-वन बी व्हिसावर होती. व्हिसाची मुदत संपण्याआधी कंपनीने काढलं, तर मायदेशी परतण्याच्या प्रवासाचा वाजवी खर्च कंपनीने द्यायचा असतो. स्वतःहून राजीनामा दिला, तर नाही. दोन्ही वेळा नवी सोय बघायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि व्हिसाची मुदत त्याआधी संपत असेल तर त्याहूनही कमी. ही मोजणी साधारणपणे पगाराच्या शेवटच्या दिवसानंतर सुरू होते. पुढे हातात येणाऱ्या सेव्हरन्सच्या पैशाने ती लांबत नाही. म्हणजे ‘शेवटचा दिवस’ या साध्या शब्दावर तुमचं घरभाडं, मुलांची शाळा, सगळं टांगलेलं असतं.

तुम्हाला रुजू होताना अशा शब्दांची यादी मिळालीच असेल. या याद्या शब्दाचा अर्थ सांगतात, पण परिणाम सांगत नाहीत. माझ्या पहिल्या नेमणूकपत्रात ‘एक्झेम्प्ट’ असं लिहिलं होतं. मला वाटलं, वा, करात सूट! ती सूट माझ्यासाठी नव्हतीच. १९३८ च्या कामगार कायद्याप्रमाणे आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त काम केलं तर दीडपट पगार मिळतो. ‘एक्झेम्प्ट’ माणसाला तो द्यावा लागत नाही. ‘ॲट-विल’मध्ये ‘इच्छा’ आहे, पण इच्छा दोघांची असली तरी वजन सारखं नाही. माँटाना सोडलं तर सगळीकडे हाच सर्वसाधारण नियम: कारण बेकायदा नसेल, तर कंपनी कारण न सांगताही काढू शकते. तुम्हीही कधीही सोडू शकता, हे खरं. पण कंपनीला व्हिसा लागत नाही. ‘पीआयपी’त ‘सुधारणा’ आहे, आणि काही वेळा ती खरोखर होतेही. पण बऱ्याचदा हा कागद सुधारण्यासाठी कमी आणि पुढे काढायचं झालं तर पुरावा म्हणून जास्त उपयोगी पडतो.

आता कुणी म्हणेल, इंग्रजीच लबाड. तसं नाही. ‘आपणास कळविण्यात येते की’ हे मराठीच आहे, आणि त्यात कळवणारा कुठेच सापडत नाही. ‘कार्यमुक्त’ हा शब्द ऐकला की मोक्षच मिळाल्यासारखं वाटतं. आपण ‘ह्यूमन रिसोर्स’ला ‘मनुष्यबळ’ म्हणतो, तेवढं मात्र मला आवडतं. रिसोर्स वापरून संपवायचा असतो, बळ माणसाचं स्वतःचं असतं. पण नुसत्या शब्दाने पगार वाढत नाही.

आणि ही सगळी परिभाषा पोकळ आहे असंही मी म्हणणार नाही. ‘लेऑफ’ आणि ‘फायर्ड’ यांतला फरक तुमच्या बाजूचा आहे: पहिल्यात दोष तुमचा नसतो, आणि पुढच्या मुलाखतीत ते निःसंकोच सांगता येतं. १०० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना मोठ्या कपातीआधी ६० दिवसांची सूचना द्यावी लागते, ती १९८८ च्या कायद्यामुळे. तिथे एखादी घटना ‘मास लेऑफ’च्या व्याख्येत बसते की नाही, यावर माणसांचे दोन महिन्यांचे पगार ठरतात. शब्द आपल्याही कामाचे असतात. फक्त ते आधी आपल्याला यायला हवेत.

एचआरमधली माणसं वाईट असतात असं अजिबात नाही. पण त्यांची नेमणूक कंपनीने केलेली असते, हे विसरू नका. पत्र आलं की त्याच दिवशी सही करू नका. ते मराठीत आणा, कर्ता शोधा, तारीख शोधा, पैसे कोण देणार ते शोधा. जे सापडणार नाही ते लेखी विचारा. व्हिसाचा प्रश्न असेल तर वकिलाला दाखवा.

मैत्रिणीने त्या रात्री सही केली नाही. सकाळी तीन ओळींचा ईमेल पाठवला: नोकरी कोण संपवत आहे, पगाराचा शेवटचा दिवस कोणता, परतीचा खर्च कोण देणार? दोन दिवसांनी दुसरं पत्र आलं. नोकरी गेलीच. पण या पत्रात ‘कंपनी तुमची नोकरी संपवत आहे’ असं सरळ लिहिलं होतं, आणि खाली तिकिटाची ओळही होती.