इन्सुलिनचा संदेश आणि किल्ली-कुलपाची उपमा : एक चिकित्सा

प्रस्तावना :
मधुमेह समजावताना इन्सुलिनला किल्ली व पेशीवरील ग्राहीला कुलूप म्हणण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखात या उपमेच्या मर्यादेचा विचार केला आहे.

विवेचन :
इन्सुलिन हे 51 अमिनो आम्लांचे प्रथिन होय. ते ग्राहीस जोडले गेले की पेशीच्या आत एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे संदेश जातो. अखेरीस ग्लुट-4 हे वाहक प्रथिन पेशीपटलाशी येऊन ग्लुकोज आत घेते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात प्रारंभी किल्ली असते, कुलूपही असते. बिघाड प्रामुख्याने पुढील साखळीत असतो. उपमा नेमकी तेथेच मूक होते.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन यांचे छायाचित्र 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचा देहवस्तुमान निर्देशांक 22.3, चरबी मात्र अनुक्रमे 21.2 व 9.1 टक्के. दोन व्यक्तींवरून सिद्धान्त होत नाही, हा आक्षेप रास्तच. परंतु 1993 पासूनच्या माता-पोषण अभ्यासात, पुण्याजवळील सहा गावांतील नवजात बालके ब्रिटिश बालकांहून वजनाने कमी असूनही त्यांच्यात चरबी तुलनेने टिकून असल्याचे आढळले. छायाचित्राचे खरे बळ या अभ्यासात आहे.

समारोप :
'सडपातळ माणसाला साखर होत नाही' हा समज ढोकीसारख्या गावात तपासणी लांबवतो. म्हणून वर्गात कुलपाऐवजी निरोपाची उपमा योजावी : निरोप दारापर्यंत पोहोचला, घरात मात्र कोणी हलले नाही.