उपलब्ध म्हणजे नेमकं काय? साठवणुकीच्या एका दाव्याची चिकित्सा

मंडळी, आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. तरी आज खारदांड्यात संगणकाच्या साठवणुकीवर बोलणार आहोत. 'हायली अव्हेलेबल पर्सिस्टंट स्टोरेज' या विक्रीच्या शब्दांत दोन जुने प्रश्न दडलेत: टिकणं म्हणजे काय, आणि उपलब्ध असणं म्हणजे काय?

आधी टिकण्याचं पाहू. कंटेनर म्हणजे प्रोग्राम चालवायचा बंदिस्त डबा. एक पडला की दुसरा उभा करायचा. असे शेकडो डबे अनेक यंत्रांवर, म्हणजे नोडांवर, सांभाळते ती कुबरनेटीस ही प्रणाली. गूगलनं ती 2014 साली खुली केली. नाव ग्रीक, अर्थ सुकाणू धरणारा. आपल्या कोळीवाड्यात तांडेल म्हणा ना! डबा गेला तर चालतं, आतला हिशोब जाऊन चालत नाही. म्हणून हिशोब डब्याबाहेर, व्हॉल्यूमवर ठेवतात. इथवर आमची तक्रार नाही.

खरी अडचण पुढे आहे. एक नोड अचानक बोलेनासा झाला. तो मेला, की फक्त संपर्क तुटला? मेला समजून त्याचा व्हॉल्यूम दुसऱ्याला दिला आणि पहिला जिवंतच निघाला, तर दोघं एकाच वहीत लिहू लागतात आणि वही बाद होते. वाट पाहत बसलो, तर सेवा बंद.

कुमारिल भट्टांच्या मीमांसा परंपरेत 'अनुपलब्धि' हे स्वतंत्र प्रमाण मानतात. मात्र अट कडक आहे. वस्तू असती तर ती नक्की दिसली असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात टेबलावर घडा दिसत नाही, म्हणजे घडा नाही. अंधारात दिसला नाही, तर काहीच सिद्ध होत नाही. तुटलेली तार म्हणजे हा अंधारच, बरं का. नोडचं मौन हा त्याच्या मृत्यूचा पुरावा नव्हे.

कुबरनेटीसनं हे ओळखलंय, हे मान्य करायला हवं. डेटा सांभाळणाऱ्या 'स्टेटफुलसेट' प्रकारात जुना डबा खरंच गेल्याची खात्री होईपर्यंत त्याच नावाचा नवा उभा राहत नाही. 2023 च्या 1.28 आवृत्तीत पक्की झालेली एक सोय तर आम्हाला फार आवडली: नोड खरोखर बंद आहे याची खात्री करून माणसानं त्यावर 'सेवेबाहेर' अशी खूण करायची, मग व्हॉल्यूम सुटतो. म्हणजे 'आपोआप'च्या पोटात एक साक्षीदार बसलाय! जाहिरातीत मात्र तो दिसत नाही.

याची किंमत आपल्या शेजारीच मोजली गेली. उदाहरण कंटेनरचं नाही, सॅन नावाच्या मोठ्या डिस्क-जाळ्याचं आहे, पण पेच तोच. 24 फेब्रुवारी 2021 ला एनएसईचे व्यवहार सकाळी 11:40 ला थांबले आणि दुपारी 3:45 ला पुन्हा सुरू झाले. दोन दूरसंचार कंपन्यांच्या लिंक बिघडल्या होत्या. एनएसईच्या नंतरच्या खुलाशानुसार, लिंक गेल्या तरी मुख्य ठिकाणचं स्टोरेज चालू राहायला हवं होतं. प्रत्यक्षात तेच सर्व्हरांना मिळेनासं झालं आणि जोखीम तपासणारी यंत्रणा अडली. प्रती होत्या, तारा होत्या. दगा दिला तो तार तुटल्यावर काय करायचं हे ठरवणाऱ्या तर्कानं.

म्हणून 'तीन प्रती आहेत' एवढ्यावर आमचं समाधान होत नाही. तीनपैकी दोघांच्या बहुमतानं निर्णय घेण्याची रीत चांगली आहे. पण एकट्या पडलेल्या तिसऱ्यानं गप्प बसायचं, हा तिचाच भाग आहे. एरिक ब्रूअर यांनी 2000 साली मांडलेली आणि 2002 साली गिल्बर्ट व लिंच यांनी सिद्ध केलेली मर्यादा हेच सांगते: जाळं दुभंगलं की सुसंगती आणि उपलब्धता यांपैकी एकावर पाणी सोडावं लागतं. '99.99 टक्के' म्हणजे वर्षाला साधारण 52 मिनिटं बंद. त्या आकड्यात मिनिटं मोजली जातात, वहीतलं खरं-खोटं नाही.

तेव्हा विकणाऱ्याला आपण एवढंच विचारावं: तार तुटली तर तुमचं स्टोरेज थांबणार, की लिहीत राहणार? हे कोणी ठरवलं? आणि तार खरोखर तोडून कधी पाहिलंत? बँकेच्या खात्याला थांबणं परवडतं, चुकीची नोंद परवडत नाही. ज्याला हे विचारल्यावर उत्तर देता येतं, त्याच्या 'उपलब्ध' या शब्दाला काही अर्थ आहे, असं आम्ही मानतो.