निळ्या फरशांवरचे महाकाव्य

आमच्या खापरखेड्याच्या नावातच खापर आहे. म्हणून भाजलेल्या मातीकडे आम्ही अंमळ आपुलकीनेच पाहतो. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात मात्र या आपुलकीची परीक्षा झाली. तेथील अझुलेजो फरशांवर जॉर्ज कोलासो या चित्रकाराने १९३५ साली कामोइशच्या 'लुझियाद' (१५७२) महाकाव्यातील प्रसंग चितारले आहेत.

कारागिरीविषयी प्रश्नच नाही. पांढऱ्या झिलईवर निळा रंग कोठे गडद, कोठे धुक्यासारखा विरळ. फरशांचे सांधे चित्रभर असूनही डोळ्यांस खुपत नाहीत. पण ही नजर कोणाची? काव्य गामाच्या सफरीचे. दहाव्या सर्गात आल्बुकर्कच्या गोवाविजयाचे गुणगान. जहाजे ज्या किनाऱ्याला लागली, तेथील माणसाचे मन या निळाईत आम्हांस गवसले नाही.

गंमत अशी, की १८७१ साली स्थापन झालेली ही संस्था पूर्वी वास्को द गामाच्याच नावाची होती. आज ती ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी १९३० मध्ये पोर्तुगीज सत्तेपुढे गोव्याचा स्वयंनिर्णयाचा हक्क मांडला होता. नाव बदलले, फरशा कोणी उखडल्या नाहीत, आणि ते आम्हांस योग्यच वाटते.