पाचारणावाचून तपश्चर्या : आंद्रे आगासी यांचे ‘ओपन’

खेळाडूंची आत्मचरित्रे बहुधा विजयांची जंत्री होऊन बसतात. चषक, आकडे, प्रतिस्पर्ध्यांविषयी चार गोड शब्द आणि अखेरीस तरुणांना उपदेश, असा त्यांचा ठरलेला साचा असतो. अमेरिकन टेनिसपटू आंद्रे आगासी यांचे २००९ साली प्रसिद्ध झालेले ‘ओपन’ हे आत्मकथन तो साचा पहिल्याच प्रकरणात मोडते. एकेरीची ८ ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळविणारा हा माणूस आपल्याला टेनिसचा तिरस्कार वाटतो, असे तेथे निःसंकोच सांगून टाकतो.

हा तिरस्कार कोठून आला, हे बालपणाच्या प्रकरणांत उलगडते. वडील माइक आगासी हे इराणचे मुष्टियोद्धे. १९४८ व १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये ते उतरले होते. लास वेगासच्या घरामागे त्यांनी टेनिसचे मैदान बांधले आणि चेंडू फेकणारे एक यंत्र उभे केले. लहानग्या आंद्रेला ते आग ओकणाऱ्या राक्षसासारखे भासे. वर्षाकाठी दहा लाख चेंडू टोलविणारे मूल अजिंक्य होईल, हे वडिलांचे गणित. म्हणून सात वर्षांच्या मुलाने रोज २,५०० चेंडू परतवावयाचे. तेराव्या वर्षी त्याची रवानगी फ्लोरिडातील निवासी प्रशिक्षण संस्थेत झाली आणि नववीत शाळा सुटली. पुढे १९९२ साली विम्बल्डन जिंकले, तरी जिंकण्याचा आनंद हरण्याच्या दुःखाइतका टिकत नाही, हीच जाणीव उरली.

येथे संत पौलाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. करिंथजवळ इस्थमियन क्रीडामहोत्सव भरत असे. तेथील भाविकांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात त्याने धावपटू व मुष्टियोद्धा यांचे दृष्टान्त योजले आहेत. कोमेजणाऱ्या मुगुटासाठी खेळाडू एवढा निग्रह करतो, तर न कोमेजणाऱ्यासाठी आपण किती करावा, असा त्याचा रोख. मात्र पौलाचा धावपटू आपण होऊन धावतो, हे त्या दृष्टान्तात गृहीत आहे. ‘ओपन’मधील मुलाच्या वाट्याला निग्रह पुरेपूर आला, त्याची संमती कोणी विचारली नाही. विवाह असो वा धर्मसंघातील व्रतग्रहण, मुक्त संमतीवाचून ते ख्रिस्तसभा ग्राह्य मानीत नाही. त्या अटीमागील शहाणपण किती खोल आहे, हे या पुस्तकाने मला नव्याने जाणवून दिले.

पुस्तकाचा खरा कळस म्हणूनच १९९७ च्या अखेरीस येतो. जागतिक क्रमवारीत १४१ व्या स्थानी घसरलेला एकेकाळचा अव्वल खेळाडू दुय्यम दर्जाच्या स्पर्धेत, मूठभर प्रेक्षकांपुढे खेळू लागतो. खेळ तोच असतो, वेदनाही त्याच. परंतु आता त्याने तो स्वतः पत्करलेला असतो. पुढे १९९९ साली पॅरिसच्या अंतिम सामन्यात पहिले दोन सेट गमावूनही तो जिंकला. २००१ साली त्याने लास वेगासच्या गरीब वस्तीतील मुलांसाठी शाळा उघडली, आणि आपण कोणासाठी खेळतो याचे उत्तर त्याला तिच्यात गवसले. पाचारण कधी कधी उशिरा ऐकू येते.

या पुस्तकाला अनेकांनी पापनिवेदन म्हटले. त्या शब्दाविषयी मला शंका आहे. १९९७ मध्ये मादक द्रव्याच्या चाचणीत आपण दोषी आढळलो आणि सोबत्याच्या पेयातून ते चुकून पोटात गेले, असे खोटे पत्र टेनिस संघटनेला लिहून सुटलो, हे लेखक उघड करतो. परंतु ही कबुली बारा वर्षांनी, निवृत्तीनंतर येते, जेव्हा शिक्षा होण्याचा संभव उरला नव्हता. पश्चात्ताप, कबुली आणि परिमार्जन ही आपल्या परंपरेतील तीन अंगे. पहिली दोन येथे आहेत. त्या खोटेपणाने ज्यांची फसवणूक झाली, त्यांचे काय, हा प्रश्न पुस्तक फारसा विचारीत नाही.

दुसरी शंका निवेदनाविषयी. शब्दांकन पुलित्झर पारितोषिकप्राप्त पत्रकार जे. आर. मोरिंगर यांचे आहे. मुखपृष्ठावर नाव नसावे, ही इच्छा त्यांचीच. वर्तमानकाळातील त्यांचे गद्य विलक्षण वेगवान आहे. तथापि प्रसंग जुळणीतून इतके नेमके बसतात, की जगण्यातील विस्कळीतपणा त्यांत हरवतो. वडील तर बऱ्याच ठिकाणी त्या यंत्राचेच मानवी रूप होऊन राहतात. परक्या देशात मुलाचे भवितव्य घडवू पाहणाऱ्या निर्वासित मनाची भीती त्या कठोरपणामागे असावी. तिची चाहूल लागते, पण लेखणी तेथे थांबत नाही.

तरीही एक प्रसंग कोणत्याही रचनेच्या पलीकडचा आहे. २००६ च्या अमेरिकन स्पर्धेत, कण्यात इंजेक्शन घेऊन उतरलेले आगासी मार्कोस बगदातिस याला पाच सेटमध्ये हरवितात. नंतर दोघेही वेदनेने विव्हळत शेजारशेजारच्या बाकांवर पडलेले असतात. हरलेला तरुण हात पुढे करतो आणि दोघे हात धरून दूरचित्रवाणीवर आपलाच सामना पाहतात. आयुष्यभर प्रतिस्पर्धी पाहत आलेल्या माणसाला तेथे शेजारी भेटतो.

मुलांच्या गुणांचे चीज व्हावे म्हणून पहाटे त्यांना मैदानावर, शिकवणीला वा गायनवर्गाला पोहोचविणारे पालक आपल्या धर्मग्रामांतही आहेत. त्यांची माया खोटी नव्हे. त्यांनी हे पुस्तक अवश्य वाचावे, आणि खाली ठेवताना मुलाला एकदा विचारावे, की बाळा, हे तुला हवे आहे का? उत्तर नकारार्थी आले, तरी ते ऐकून घेण्याचे धैर्य मात्र ज्याचे त्याला मिळवावे लागेल.