आत्मकथा अडते कुठे?

माझ्या फोनमध्ये ‘माझी गोष्ट’ नावाची एक फाइल आहे. चार वर्षांत तिची बारा पानं झाली आणि तेरावं काही सुरू होत नाही. बारा पानांत गाव आहे, आजी आहे, दहावीचा निकाल आहे. तेराव्या पानावर मी कॉलेज सोडतो आणि आठ महिने घरी सांगत नाही. रोज सकाळी आईने भरलेला डबा घेऊन निघतो, एसटी स्टँडवर बसून खातो, संध्याकाळी परत येतो. फीचे पैसे वडिलांनी पतपेढीतून कर्ज काढून दिलेले. इथवर आलो की मला एकदम भांडी घासायची आठवण होते.

यावरचे सल्ले तुम्हीही ऐकले असतील. रोज पाचशे शब्द लिहा, पहाटे उठा, वाईट लिहायला घाबरू नका. कादंबरी अडली असेल तर होतही असेल उपयोग. पण माझं घोडं शब्दांपाशी अडलेलं नाही. काय झालं ते मला महिनावार पाठ आहे. ते ‘मी’ म्हणून कसं सांगायचं, हे कळत नाही. म्हणून कपाटातली आत्मकथनं काढली आणि एवढंच बघत वाचली, की या माणसांनी हा ‘मी’ कागदावर आणला कसा.

दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) उत्तर सुरुवातीलाच दिसतं. दया पवारांना दगडू मारुती पवार भेटतो आणि पुढचं आयुष्य दगडू सांगतो. दगडू मारुती पवार हे लेखकाचंच नाव. कॉलेजात वाचलं तेव्हा मला हे जरा नाटकी वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. शिकून कवी झालेला माणूस आणि महारवाड्यातला, कावाखान्यातला पोरगा एका ‘मी’त मावत नाहीत. शिकलेल्याला त्या पोराची लाज वाटते, आणि लाज वाटल्याचीही लाज वाटते. मग दोघांना समोरासमोर बसवायचं. एक बोलेल, दुसरा ऐकेल.

पण बायकोवर घेतलेल्या संशयाची पानं वाचताना मला खटकलं. दगडू कबुली देतो, स्वतःला सोडत नाही. मात्र तोवर ऐकणारा दया पवार पुस्तकातून जवळजवळ नाहीसा झालेला असतो. उलट प्रश्न विचारायला कोणी उरत नाही. ज्या युक्तीने तोंड उघडलं, तिचीच इथे सगळ्यात जास्त गरज होती.

लक्ष्मीबाई टिळक अशी कुठली युक्ती करत नाहीत. त्या आत्मचरित्र लिहायला बसल्याच नव्हत्या. मुलाला वडिलांचं, म्हणजे रेव्हरंड टिळकांचं, चरित्र लिहायचं होतं. त्यासाठी आईने आठवणी द्यायच्या होत्या. त्यातून ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ ते १९३६) झालं. नवऱ्याबद्दल सांगता सांगता बाईंनी पुस्तक ताब्यात घेतलं. विक्षिप्त सासरा, न सांगता निघून जाणारा नवरा, त्याच्या धर्मांतरानंतरची वेगळं राहण्याची वर्षं, सगळं घरात गप्पा मारल्यासारखं. सगळे या पुस्तकाच्या विनोदाचं कौतुक करतात, मीही करतो. तरी त्या विरहाच्या वर्षांत मला हसू पुरत नाही. बाई इतक्या पटकन पुढच्या गमतीकडे वळतात, की दुखलं किती ते आपणच अंदाजाने भरायचं.

आणि बेबी कांबळे. फलटणला दुकानात बसून त्यांनी लिहिलं आणि घरच्यांपासून वर्षानुवर्षं लपवून ठेवलं. ‘जिणं आमुचं’ हे नावच बघा. त्यात ‘माझं’ नाही. वीरगावच्या महारवाड्यातल्या बाळंतपणं, उपास, सासुरवास, आंबेडकरांच्या चळवळीने बदललेली माणसं, हे सगळं ‘आम्ही’ सांगतो. सासुरवाशिणींच्या हालांची ती पानं मी सलग वाचू शकलो नाही. पण नवऱ्याची स्वतःला झालेली मारहाण पुस्तकात नाही. अनुवादक माया पंडित यांनी मुलाखतीत विचारलं, तेव्हा त्या त्याविषयी बोलल्या. माझ्या एकटीचं ते काय, सगळ्याच बायकांना ते होतं, असा त्यांचा सूर होता.

ही उणीव आहे का? दोन दिवस मी ‘आहे’ म्हणत होतो. मग वाटलं, ‘आम्ही’ नसता तर पहिली ओळही झाली नसती, आणि मग आपण उणीव तरी कशात काढली असती? शिवाय नवऱ्यापासून लपवलेल्या कागदांवर नवऱ्याचा मार लिहिला नाही म्हणून बाईला जाब विचारणारा मी कोण? मी तर स्टँडवर खाल्लेला डबा लिहू शकत नाही.

मग मीही वाटा चाचपल्या. दगडूसारखं स्वतःला ‘तो’ करून पाहिलं. ‘तो’ लगेच बिचारा झाला. पानभर रडून घेतलं आणि पुसून टाकलं. ‘आमची पिढी’ म्हणून पाहिलं, तर पेपरातला अग्रलेख झाला. लक्ष्मीबाईंची वाट राहिली होती. म्हटलं, आपण नकोच, वडिलांबद्दल लिहू. ते जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्याबद्दल विचारायला गेल्या रविवारी आईला फोन लावला आणि बोलता बोलता कॉलेजचा विषय निघाला.

“त्यांना दिवाळीआधीच कळलं होतं,” आई म्हणाली. “मलाही.”

“मग मार्चपर्यंत रोज डबा का देत होतीस?”

“भूक लागत नव्हती का तुला?”

तेरावं पान सुरू झालं आहे. सध्या त्यात फक्त डब्यात काय काय असायचं ते आहे. बाबा अजून आलेले नाहीत.