दक्षिणेचें मूळ व तिचें मूल्यमापन

मावळप्रांतीं कामशेताच्या पूर्वेस, इंद्रायणीच्याच खोऱ्यांत, तळेगांव दाभाडे हें सेनापति दाभाडे यांचें इनामगांव होतें. विद्यापीठांतील संशोधनास सरकारी अथवा देणगीच्या द्रव्याचें जें साहाय्य मिळतें, त्याचा महाराष्ट्रांतील पूर्वेतिहास सांगतांना लेखक पुष्कळदां याच गांवापासून आरंभ करितात. दाभाड्यांनीं दक्षिणा सुरू केली, पेशव्यांनीं ती पुण्यास नेली, इंग्रजांनीं तिची पाठशाळा केली, पाठशाळेचें कॉलेज झालें व कॉलेजांत ‘दक्षिणा फेलो’ आले, अशी ही मालिका एका सुतांत ओंवली जाते. मांडणी सुटसुटीत आहे खरी. परंतु ती कागदांच्या कसोटीस कितपत उतरते, हें पाहणें अवश्य आहे.

पहिल्या दुव्यास आधार दिला जातो तो मुख्यतः ग्रँट डफ याच्या 1826 सालीं प्रसिद्ध झालेल्या इतिहासाचा. सेनापति दरसाल श्रावणांत तळेगांवीं कांहीं सहस्र ब्राह्मणांस भोजन घालीत. 1731 सालीं डभईच्या लढाईंत त्रिंबकराव दाभाडे पडल्यावर बाजीरावानें हा परिपाठ पुण्यास चालविला व जमलेल्या शास्त्री-वैदिकांस द्रव्य दिलें, असा त्याच्या कथनाचा आशय आहे. येथें दोन गोष्टी ध्यानांत घेतल्या पाहिजेत. ग्रँट डफ हा घटनेनंतर सुमारें शंभर वर्षांनीं लिहीत आहे, ही एक. आणि तो तळेगांवाकडे भोजन देतो व पुण्याकडे द्रव्य देतो, ही दुसरी. सबब ‘दाभाड्यांनीं विद्वानांस वेतन देण्याची प्रथा घातली’ असें जे लिहितात, ते साक्षीदार बोलला त्याहून अधिक त्याच्या तोंडीं घालितात. अन्नदान हें एक कर्म, विद्येची परीक्षा घेऊन दिलेलें पारितोषिक हें दुसरें. पहिल्यास उपस्थिति पुरते. दुसऱ्यास अध्ययन लागतें. जन्माची अट मात्र दोहोंतही कायम होती, हें विसरून चालणार नाहीं.

पेशवाईंतील दक्षिणेविषयींही असाच घोटाळा दृष्टीस पडतो. विद्वानांची परीक्षा होऊन त्यांस योग्यतेप्रमाणें रक्कम मिळे. इतर समुदायास पर्वतीजवळील रमण्यांत सरसकट वाटप होई. हिशेबांत दोहोंस नांव एकच, दक्षिणा. म्हणून एकूण बेरजेचा आंकडा पुढें करून ‘पेशव्यांनीं विद्येवर इतके लक्ष खर्चिले’ असें एकानें म्हणावें, व त्याच आंकड्यावरून ‘इतके लक्ष व्यर्थ उधळले’ असें दुसऱ्यानें म्हणावें, हे दोन्ही पक्ष सारखेच निराधार ठरतात. बेरीज फोडल्यावांचून निर्णय नाहीं. आणि बेरीज फोडावयाची तर मूळ यादी हातीं पाहिजे.

इंग्रजी अमलांतील हकीकत अधिक स्पष्ट आहे. 6 ऑक्टोबर 1821 रोजीं कमिशनर चॅपलिन याच्या कारकीर्दींत विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली, ती दक्षिणेच्याच द्रव्यांतून. पुढें 1849 सालीं लोकहितवादी प्रभृति सुधारकांनीं, दक्षिणेंतील बचत मराठी ग्रंथकारांस बक्षिसें देण्याकडे लावावी, असा अर्ज केला. त्यावर पुण्यांत मोठा क्षोभ झाला. 1851 सालीं दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वांत आली. 1857 सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्याच निधीच्या फेलोशिपा महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांसारख्यांस मिळाल्या. या दोघांच्या पुढील कार्याकडे पाहतां तें द्रव्य सत्कारणीं लागलें, याविषयीं मतभेद होण्याचें कारण नाहीं.

तथापि निधीचें मूल्यमापन ज्यांस तो मिळाला त्यांच्यावरूनच करणें, हा एकांगी न्याय होय. जोतीराव फुले यांनीं 1855 सालीं ‘तृतीय रत्न’ हें नाटक रचून याच कमिटीकडे धाडिलें. अज्ञानामुळें शेतकरी कुटुंबाची होणारी नागवणूक व विद्येनें होणारी त्याची सुटका, हा त्याचा विषय. तें नाकारलें गेलें, आणि छापून वाचकांसमोर यावयास 1979 साल उजाडावें लागलें. म्हणजे शिक्षणाविषयींची इतकी महत्त्वाची कृति शतकाहून अधिक काळ केवळ हस्तलिखितांत राहिली. हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्यांस याहून बोलकें उदाहरण कोणतें द्यावें? निधीच्या यशाची साक्ष छापील ग्रंथ देतात. त्याच्या चुकीची साक्ष पुष्कळदां बासनांतच पडून असते.

1882 सालीं हंटर कमिशनपुढें फुल्यांनीं जें निवेदन केलें, त्याचा रोखही हाच होता: सरकारचा वसूल रयतेच्या श्रमांतून येतो व शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांकडे वळतो. हा प्रश्न दक्षिणेसही तंतोतंत लागू आहे. ज्या द्रव्यांतून दक्षिणा निघाली, तें भरणाऱ्या रयतेच्या पोरांस तिच्यांतून काय मिळालें, हें विचारल्यावांचून तिचा इतिहास पुरा होत नाहीं. मावळच्या भातखाचरांत राबणाऱ्या कुणब्याचें नांव वसुलाच्या कागदांत सांपडेल. दक्षिणेच्या यादींत तें सांपडणार नाहीं.

मग अभ्यासाची रीत कोणती? रा. वि. परुळेकर यांनीं 1820 ते 1830 या दशकांतील मुंबई इलाख्याच्या गांवठी शाळांविषयींचे सरकारी कागद एकत्र करून प्रसिद्ध केले. त्यांच्या अनुमानांशीं कोणी सहमत होवो वा न होवो, मूळ कागद पुढें असल्यामुळें वाचकास स्वतः ताळा घेतां येतो. दक्षिणेच्या बाबतींत असेंच व्हावयास हवें. पुण्याच्या पेशवे दफ्तरांत राज्याच्या बाजूचे कागद आहेत. परंतु घेणाराची बाजू घराघरांतील दफ्तरांत शोधिली पाहिजे. तळेगांव, वडगांव, कामशेत व नाणे मावळांतील जुन्या घराण्यांच्या वह्यांत श्रावणमासींच्या जमेच्या नोंदी, शास्त्राचें नांव, परीक्षकाचा शेरा, मिळालेली रक्कम, यांपैकीं जें आढळेल त्याची तारीखवार नक्कल संग्राहकांनीं करून ठेवावी. तळेगांवच्या श्रावणी भोजनाचा 1731 पूर्वींचा एक अस्सल कागद मिळाला, तर तो शंभर वेळां उद्धृत झालेल्या वाक्याहून मोलाचा ठरेल. आणि त्यांत परीक्षेचा उल्लेख निघाला, तर वर घेतलेला आक्षेप आम्ही आनंदानें मागें घेऊं.