शिक्षक-शिक्षणातील आंतरराष्ट्रीय भागीदारी : एक चिकित्सा

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या शाश्वत विकास ध्येयांतील ४.सी हे लक्ष्य विकसनशील देशांतील शिक्षक-प्रशिक्षणासाठी आंतरराष्ट्रीय सहकार्याचा पुरस्कार करते. मात्र त्यात या देशांचे स्थान केवळ ग्रहणकर्त्याचे राहते. ताराबाई मोडक यांचे कार्य ही उणीव स्पष्ट करते. इटलीच्या मारिया माँटेसरी यांची पद्धती त्यांनी स्वीकारली; परंतु १९४५ पासून बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षण उभारताना महागड्या साधनांऐवजी परिसरातील शिंपले, बिया, खडे वापरात आणले आणि वर्ग बालकांच्या अंगणात नेला. जागतिक विचार स्वीकारणारा शिक्षक त्यात भरही घालतो. म्हणून सामंजस्य करारांच्या संख्येपेक्षा आपल्या छात्राध्यापकांच्या अनुभवाने परदेशी संस्थेच्या अध्यापनात काय बदलले, हा निकष महत्त्वाचा आहे. अन्यथा भागीदारी ही निव्वळ आयात ठरते.